डाव्या पायाचा मोजा

आत्या, तुझा डावा मोजा सुयांवरच राहिला. तुझा म्हणजे अम्माचा. पण तू हातात घेतलेलं कोणतंही काम आधी तुझं असायचं आणि मग ज्याचं असेल त्याचं. त्या दुपारी तुला खुर्चीवरून उचललं, तेव्हा अप्पांनी तो तुझ्या मांडीवरून हलकेच काढला आणि देवघराबाहेरच्या फळीवर ठेवला. चारही सुया जागच्या जागी होत्या. एकही टाका निसटला नव्हता. घरात रडणं चालू असताना मी तेवढंच बघून घेतलं आणि मला तुझा अभिमान वाटला. अशा वेळी असं वाटणं बरं की वाईट, मला माहीत नाही. वाटलं ते सांगते आहे.

तुझ्याबद्दल लोक जे सांगतात ते मी इथे लिहिणार नाही. ऊटीच्या शाळेतलं गणित, तुझ्या हाताखालून गेलेल्या मुली, तुझं लग्न न करणं, हे आपल्या सगळ्या वीदीला, गल्लीतल्या घराघराला पाठ आहे. मला मोज्यांबद्दल लिहायचं आहे. ते तुझ्यामाझ्यातलं होतं, आणि आपला वादही त्यांच्यावरूनच अर्धा राहिला आहे. इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर लवकर झालं असतं. पण ही अक्षरं तू मला बसवून शिकवलीस, तेव्हा तुला लिहायचं ते यांतच.

तू ऊटी सोडून आमच्याकडे आलीस तेव्हा पत्र्याची एक जड ट्रंक आणलीस. आम्हाला वाटलं, पुस्तकं असतील. निघाले मोजे. हाताने विणलेले, जाड लोकरीचे. काही तुझे, काही वसतिगृहातल्या मुलींनी मागे टाकलेले, आणि एक जोडी आजोबांसाठी विणलेली, गुडघ्यापर्यंतची, तपकिरी. बहुतेकांच्या टाचा झिजलेल्या, चवड्यांना भोकं. मार्गळीच्या, ऐन थंडीतल्या पहाटेसुद्धा आमच्या घरात पंखा बंद करायला कोणी उठत नाही, आणि तिथे ही ट्रंक. अम्माने त्यात कडुनिंबाचा पाला घातला आणि विचारलं, "अक्का, हे कोणाला द्यायचे?"

"द्यायचे कशाला? मला दगडावर चालायचं आहे," तू म्हणालीस.

आम्हाला काहीच कळलं नाही. कळलं ते कत्तिरीच्या उन्हात, वैशाखातल्या त्या आगीच्या दिवसांत. प्रदोषाला तू मोठ्या देवळात निघालीस, चपला बाहेर ठेवल्यास आणि पिशवीतून लोकरीचे मोजे काढून पायांत चढवलेस. त्या वेळी ते दगडी अंगण तव्यासारखं असतं. काथ्याची पट्टी अंथरलेली असते, पण तिच्यावर गर्दी, आणि पट्टी सोडली की माणसं लहान मुलांसारखी उड्या मारत सावली गाठतात. तू मात्र मधूनच, उघड्या दगडावरून, वर्गात पेपर वाटत फिरावं तशी चाललीस. कोणी विचारलं, "एवढ्या उकाड्यात लोकर?" तर तू म्हणायचीस की इडली गरम राहावी म्हणून डबा जाड कापडात गुंडाळता, आणि बर्फ आणायचा तोही गोणपाटातच गुंडाळून आणता, गुंडाळलेल्या कापडाला गरम आत आहे की बाहेर, याची पर्वा नसते. मुलींना शिकवलेलं असं तुला कुठेही वापरता यायचं.

पण ते मोजे जसे होते तसे चालले नसते. ते तू नव्याने घडवलेस. मी माझ्या टेबलावरून, लॅपटॉपच्या वरून, ते बघत राहायचे. टाचेच्या वर एकच टाका कात्रीने कापायचीस आणि तो धागा फेऱ्याभोवती सोडवत न्यायचीस. मोज्याचे दोन भाग व्हायचे. पोटरीचा भाग चांगला असायचा. त्याचे उघडे टाके तू चार सुयांवर घ्यायचीस. झिजलेल्या पावलाची लोकर पूर्ण उसवायचीस, धुऊन, खाली तांब्या बांधून दोरीवर टांगायचीस, म्हणजे तिचा कुरळेपणा जाईल. मग नवी टाच, आणि तळव्याला दोन धागे एकत्र घेऊन दुहेरी वीण. लहान भोक असेल तर रफू. त्यासाठी तुला गोल, जड असं काहीतरी लागायचं. आपल्या डोलणाऱ्या बाहुल्यांतली एक राणी मान तुटून अडगळीत पडली होती, तिचं गोल बूड तू टाचेत घालायचीस आणि वर सुई चालवायचीस. आलेल्या पाहुण्यांना मोज्यातून बाहेर आलेला तिचा घागरा दिसायचा. तुला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वावगं वाटायचं ते थोरल्या काकांना. ते चेन्नईहून आले की घराच्या सोवळ्याची पाहणी करायचे. एकदा तू मोजे घालून देवघरात नैवेद्य ठेवत होतीस. काका उंबऱ्यातच थांबले. पायांतलं घालून देवापुढे, हे त्यांना सहन होईना. तू मागे वळूनसुद्धा न बघता म्हणालीस की लोकर सोवळ्यातली, आजी धाबळी नेसून सैपाक करायची, तेव्हा तुला कधी शंका आली नाही. काका म्हणाले, धाबळी वेगळी, मोजा वेगळा. तू म्हणालीस, "मेंढीला विचारून ये." अप्पा हसू दाबायला पेपरामागे गेले. काका त्या दिवशी जेवताना तुझ्या पानाकडे तोंड करून बसले नाहीत, आणि संध्याकाळी मात्र तुझ्याबरोबर देवळात गेले. अनवाणी. त्यांचं परत येताना काय झालं ते तू सगळ्यांना सांगितलंस. मी इथे सांगत नाही.

हे सगळं मजेचं होतं, अम्माच्या पायाचं ते होईपर्यंत.

अम्माला साखरेचा आजार जुना. तळपायांना कळेनासं झालं होतं, हे तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. अम्मा काही सांगत नाही. ती प्रदोषाला तुझ्याबरोबर यायची, पण मोजे घालायला लाजायची. लोक बघतील म्हणायची. एका प्रदोषाला ती आपली नेहमीप्रमाणे अनवाणी पूर्ण प्रदक्षिणा घालून आली, आणि आपल्याला काही झालं नाही याचा तिला थोडा आनंदच झाला होता. पाय धुताना तूच पाहिलंस. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कातडी सुटून आली होती आणि तिला पत्ता नव्हता. जखम चिघळली. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

त्यानंतर अम्मा देवळात गेली नाही. डॉक्टरांनी अनवाणी चालायला कायमची मनाई केली होती, आणि देवळात चपला घालून जाता येत नाही, त्यामुळे प्रश्न मिटलाच होता. तिने तक्रार केली नाही. फक्त प्रदोषाच्या दिवशी ती दुपारीच फुलं गुंफून ठेवायची, तुझ्या हातात द्यायची आणि तू परत येईपर्यंत स्वयंपाकघरात काही ना काही घासत राहायची. मी हे बघत होते. मी खूप बघते आणि फार बोलत नाही, यावरून तू मला किती चिडवलंस. "हिच्या डोक्यात कॅमेरा आहे, स्पीकर नाही," तू पाहुण्यांना सांगायचीस.

पण जे मी नुसतं बघितलं, त्यावर तू काम सुरू केलंस. एक दिवस ट्रंकेतून आजोबांची तपकिरी जोडी काढलीस. ती सगळ्यांत चांगली लोकर होती. ऊटीला येऊन त्यांनी ती दोनदा घातली असेल, मग जपूनच ठेवली. अम्माने ती पाहिली आणि हात मागे घेतला.

"मामंजींचे मोजे मी पायांत घालू, अक्का?"

"ते पायांतलेच आहेत गे. डोक्यावर घाल म्हणते का मी?"

अम्मा हसली नाही, पण तिने पाय पुढे केला. तू दोन्ही पावलांची मापं घेतलीस, टाचेपासून चवड्यापर्यंत, चवड्याची रुंदी, घोट्याचा घेर. डाव्या पायाचं माप घेताना तुझा हात जराही थांबला नाही. त्या पायाकडे इतक्या साधेपणाने कोणी पाहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. अप्पासुद्धा पट्टी बदलताना तोंड फिरवायचे. तू एखाद्या आकृतीकडे बघावं तसं पाहिलंस आणि मला म्हणालीस, इकडे ये, बघ, उजवा पाय दोन्ही बाजूंनी सारखा मिटत जातो, डावा मिटताना आतल्या बाजूने लवकर सुरुवात करायची, बाहेरच्या बाजूला तीन बोटं आहेत तिथे जागा ठेवायची. मोज्यात रिकामी जागा राहिली तर तिची घडी पडते. घडी घासते. आणि हिला घासलेलं कळत नाही.

त्याच कारणाने गाठ नको. हा तुझा सगळ्यांत कडक नियम होता. लोकर संपली की लोक गाठ मारतात आणि टोकं आत खोचतात. तू दोन्ही टोकं पिंजून, ओली करून, एकावर एक ठेवून तळहातांत चोळायचीस, इतकं की हात गरम व्हायचे आणि दोन धाग्यांचा एक धागा व्हायचा. ऊटीला थुंकी लावून करायचे, तू सांगितलंस, पण इथे थोरला येईल आणि उष्टं म्हणेल, म्हणून वाटीत पाणी ठेव. मी शिकले. माझे जोड आधी सुटायचे. तू ते दोन्ही बाजूंनी ओढून बघायचीस आणि सुटलं की न बोलता परत द्यायचीस.

उजवा मोजा झाला तेव्हा तू तो पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेलीस. मी आणि अम्मा मागे. डॉक्टर तरुण होते. ते आधी नाहीच म्हणणार होते, त्यांचं तोंडच तसं होतं. तू मोजा त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणालीस, आत हात घाला. त्यांनी घातला. बोटं फिरवली, टाचेत, चवड्यात, तळव्यावर. मग मोजा उलटा करून पाहिला. शिवण कुठे आहे, त्यांनी विचारलं. नाही, तू म्हणालीस. गाठ? नाही. त्यांनी तो पुन्हा सुलटा केला. मग म्हणाले, फार वेळ नको, घट्ट होता कामा नये, आणि दर खेपेला आल्यावर दोन्ही तळवे उजेडात पाहायचे. बाहेर आल्यावर तू रिक्षा करू दिली नाहीस. परीक्षेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी पुढे पुढे चालत होतीस.

आणि त्याच संध्याकाळी आपलं भांडण झालं. भांडण म्हणजे मी बोलले, हीच मोठी गोष्ट. मी म्हणाले की अंधार पडल्यावर जाऊ, तोवर दगड निवतो. तू म्हणालीस, प्रदोष दगडाला विचारून होत नाही. मी म्हणाले, अम्माने जायचं आहे असं एकदाही म्हटलेलं नाही, आपणच ठरवतो आहोत. तू म्हणालीस, ती कधी काही मागते का. मी म्हणाले, हेच तर, न मागता दिलं आणि पुन्हा काही झालं तर? उरलेली बोटं गेली तर? हे मी इंग्लिशमध्ये म्हणाले. असली वाक्यं माझ्या तोंडून इंग्लिशमध्येच निघतात.

तू सुया खाली ठेवल्यास. "झालं तर मी आहे," म्हणालीस.

मला ते उत्तर पटलं नाही. मी उठून गेले. मोजा विणणाऱ्या बाईला सगळ्या प्रश्नांची उत्तरं विणता येत नाहीत, असं काहीतरी चांगलं इंग्लिश वाक्य मी मनात तयार केलं होतं, तुला ऐकवायला. ते राहिलं. तू दुसऱ्या दिवसापासून डावा मोजा सुरू केलास, मी माझं काम करत राहिले, आपण कॉफीबद्दल आणि डासांबद्दल बोललो, आणि मग ती दुपार आली.

तुझ्यानंतरचं घर तुला कल्पनेने दिसेल. चेन्नईहून काका आले. त्यांचे डोळे सुजले होते आणि तरी सगळी सूत्रं त्यांनीच हातात घेतली. रोज वाध्यार, आपले भटजी, यायचे. त्यांनाही तू एक जोडी दिली होतीस, ती ते घालत होते की नाही माहीत नाही. दहाव्याच्या आधी एका सकाळी काका तुझ्या वापरातल्या वस्तू गोळा करत होते, कावेरीवर न्यायच्या, द्यायच्या, सोडायच्या. त्यांचा हात फळीवरच्या मोज्याकडे गेला. ते म्हणाले, हाही. हातातलं काम अपुरं राहिलं की जीव त्यात अडकतो, घरात ठेवू नये. शिवाय सुतकात सुई कोणी धरणार नाही, आणि सुतक संपेपर्यंत ते असं लोंबकळत ठेवायचं का.

काका वाईट वागत नव्हते, आत्या. त्यांना तुला मोकळं करायचं होतं. पण त्यांना विणकाम कळत नाही. ते एका सुईला धरून तो उचलत होते, आणि सुई टाक्यांतून बाहेर यायला लागली.

"काका, ठेवा तो," मी म्हणाले. "लोकरीला सुतक नाही. आत्या सांगायची."

मी हे मराठीत म्हणाले. अप्पांनी वर पाहिलं. काकांना आधी राग आला की आश्चर्य वाटलं, मला समजलं नाही. ते वाध्यारांकडे वळले, तुम्ही सांगा, म्हणाले, पायांत घालायच्या मोज्याला सोवळं असतं का. वाध्यार आपल्या आसनावर मांडी घालून बसले होते. त्यांनी खाली पाहिलं, आसनाच्या कडेवरून हात फिरवला.

"थोरल्या, मी बसलो आहे ते काय आहे?" ते म्हणाले. "लोकरच. रोज या सुतकाच्या घरात पसरतो आणि झटकून माझ्या घरी नेतो. याला चालतं तर त्याला का नाही, मला सांगता येत नाही. पायाचं आहे म्हणून वेगळं असेल. पोथीत पाहून सांगतो."

"पाहू नका," अम्मा म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

"तो माझा मोजा आहे. मला पाहिजे. मला देवळात जायचं आहे."

आत्या, तू तिथे असायला हवी होतीस. एवढंच मी म्हणू शकते. आपण दोघी, तू आणि मी, त्या एका वाक्यावरून भांडलो होतो. ते तिने काकांसमोर, वाध्यारांसमोर, मोठ्याने म्हटलं, आणि परत आत जाऊन भांडं घासायला घेतलं. काकांनी मोजा फळीवर ठेवला, सुई जागेवर सरकवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून माझ्या हातात दिला.

"अपुरा नको म्हणालो मी," ते म्हणाले. "पुरा होत असेल तर कोण नको म्हणतं? तेराव्याच्या आत पुरा कर. नाहीतर मी स्वतः नेऊन सोडतो. सरी?"

सरी, ठीक आहे, मी म्हणाले.

निसटलेले टाके उचलायला मला अर्धी सकाळ लागली. मग मी मोजा, सुयांसकट, अम्माच्या डाव्या पायावर सावकाश चढवून पाहिला, किती राहिलं आहे ते कळावं म्हणून. आणि मला जे दिसलं ते मी दोनदा तपासलं. मग उजवा आणून शेजारी धरला. तू डावा मोजा उजव्याइतकाच विणत आणला होतास. आतल्या बाजूने मिटवायला कधीच सुरुवात व्हायला हवी होती. तू ती केली नव्हतीस. अंगठ्याची पूर्ण जागा होती, शेजारच्या बोटाचीही. तू, मला बोलावून समजावून सांगणारी, माप घेणारी, तू ते विणत गेली होतीस, सरळ, सुरेख, एकसारखं, जिथे पाय नाही तिथे.

अम्माने रिकाम्या चवड्यावर हात ठेवला. तो दबला.

"अक्काला वाटलं असेल, आहेतच माझी बोटं," ती म्हणाली.

मला माहीत नाही, आत्या. तुला शेवटच्या दिवसांत बरं नव्हतं का, आणि तू ते लपवलंस का. तू आपल्या भांडणाचा विचार करत विणत होतीस का, आणि हात आपोआप चालले. की अम्मा म्हणते ते. यातलं काही मला कोणाला विचारता येत नाही. माझ्या मनात आलं, हे असंच ठेवावं. तुझ्या हातचं शेवटचं आहे. पुढचं टोक बंद करावं, कपाटात ठेवावं आणि अम्मासाठी दुसरं काही बघावं.

पण मी तुझं काम फार दिवस पाहिलं होतं. तू स्वतःचं विणलेलं किती सहज उसवायचीस. मुलींच्या वह्यांत चूक दिसली की लाल पेन चालवावं तसं. त्यात राग नसायचा आणि दयाही नसायची. चुकलेला मोजा जपून ठेवणं तुला अपमान वाटला असता. मी सुया काढल्या आणि धागा ओढला. तुझे फेरे एकेक करून सुटत गेले, जिथे आतली बाजू मिटायला हवी होती तिथपर्यंत. लोकर माझ्या मांडीवर कुरळी होऊन पडली. मी रडले, पण हात थांबवला नाही. तुझी चूक दुरुस्त करण्याचा मान तू आयुष्यात कोणाला दिला नाहीस. तो मला मिळाला. मला त्याचा गर्व आहे, आणि हे मी लाजून म्हणत नाही.

लोकर धुऊन वाळवल्यावर गुंडा करायचा होता. लडी धरायला कोणी हवं होतं. काका पेपर वाचत होते. मी लडी घेऊन समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पेपर ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. "ऊटीला सुट्टीत गेलो की हीच शिक्षा होती मला," ते म्हणाले. मी गुंडाळत राहिले, ते हात डावीकडे-उजवीकडे झुकवत राहिले, अगदी वेळेवर. कोणी शिकवल्याशिवाय तसं जमत नाही. मध्येच त्यांनी विचारलं की तो डोलणाऱ्या राणीचा उद्योग अजून चालतो का. चालतो, मी म्हणाले. मग ते रडू लागले, हात तसेच पुढे धरून, कारण लडी होती.

माझा हात तुझ्यापेक्षा घट्ट आहे. म्हणून मी एक आकडा जाड सुया घेतल्या. आतल्या बाजूने लवकर मिटवलं, बाहेर तीन बोटांना जागा ठेवली. एकदा जोड सुटला, पुन्हा पाण्यात बुडवून चोळला, ओढून पाहिला, राहिला. तेराव्याच्या आदल्या दिवशी मी तो अम्माच्या हातात दिला, आणि तिने आधी आत हात घातला, डॉक्टरांसारखा, आणि बोटं सगळीकडे फिरवली. तुझं कुठे संपलं आणि माझं कुठे सुरू झालं, ते नीट पाहिलं तर दिसतं. माझे टाके थोडे उभट आहेत.

काल प्रदोष होता. ऊन अजून कत्तिरीचंच आहे. अम्माने फुलं स्वतःच्या हातात ठेवली. देवळाच्या बाहेर ती कट्ट्यावर बसली, लोक जात-येत होते, तिने मोजे चढवले, उभी राहिली आणि आत गेली. नंदीचा अभिषेक झाला, आम्ही दोघींनी लांबूनच पाहिला. मग तिने काथ्याची पट्टी सोडली. मी तिच्या मागे, अनवाणी, कारण मला माझ्यासाठी जोडी करून घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं. दगड असा तापला होता की मी चवड्यांवर, टाचांवर, पायांच्या कडांवर, जमेल तशी चालत होते. अम्माने थांबून विचारलं, "तापलाय का गे?" तिला खरंच माहीत नव्हतं. हो, खूप, मी म्हणाले. ती मान हलवून पुढे निघाली, थोडी लंगडत, अजिबात घाई न करता. एक बाई तिच्या मोज्यांकडे बघत होती. अम्माने पदर सावरला, मोजे झाकले नाहीत.

एक प्रदक्षिणा झाल्यावर मी तिला ओवरीच्या सावलीत बसवलं आणि दोन्ही मोजे उतरवून तळवे उजेडाकडे धरले. उजवा. मग डावा. बोटांच्या मधून, जुन्या व्रणाच्या कडेने, टाचेला. कातडी कोरडी, थंड, कुठे लालसुद्धा नाही. माझ्या स्वतःच्या तळव्यांची आग होत होती. मी वर पाहिलं आणि सांगितलं, काही नाही.

अम्माने मोजे माझ्या हातातून घेतले, स्वतः चढवले, डाव्याचा चवडा नीट बसवला, आणि उठून पुन्हा उन्हात निघाली. मी ओवरीच्या खांबाला धरून उभी राहिले. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती, इतक्या जवळच होती ती. मी मारली नाही.